चारच्या आत

‘नॉर्मल’ हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझं डोकं तडकतं. शब्द इंग्रजी आहे, पण आमच्या गावात आता मीठ-मिरचीसारखा वापरतात. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, गाय व्याली तरी वासरू नॉर्मल. आमच्या घरात सहा-सात महिने हा शब्द मोठ्या थाटात फिरत होता, आणि त्याच्या आडून माझ्या नवऱ्याचा आजार वाढत होता.

माझी शाळा चौथीत संपली. मराठी मला चांगलं वाचता येतं. आकडे येतात, इंग्रजीतलेसुद्धा. टिंबाच्या पुढचे आकडे मी हळदीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर शिकले. पण मी चारचौघांत बोलत नाही. लहानपणापासूनच अशी. त्यामुळे मला वाचता येतं हे घरातल्या पुरुषांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

मागच्या चैत्रात हळद शिजवून वाळत घातली होती, तेव्हा हे सुरू झालं. खरं तर आधीच सुरू झालं असेल. नवरा लघवीला गेला की गोठ्यामागं बराच वेळ उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणायचे, “उन्हाचं हाय, पाणी कमी पडून राहिलं.” एका सकाळी लघवी साफ बंद झाली. पोट फुगलं. हा मोठा गडी, पोटाशी गुडघे घेऊन अंगणात लोळत होता. थोरल्या दिरांनी जीप बोलावली, हिंगोलीला नेलं. तिथं नळी टाकली, पिशवी लावली आणि सांगितलं की नांदेडला मोठ्या दवाखान्यात दाखवा.

आम्हाला मुलगा नाही. एक मुलगी, ती कळमनुरीला दिलेली. त्यामुळे दवाखान्याचा सगळा कारभार दिरांनी हातात घेतला. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही लिहिणार आहे. पण आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई तोंड उघडत नाही. एकतीस वर्षं झाली लग्नाला. चहा झालाय हे मी चुलीकडं बघून म्हणायची आणि त्यांनी ते ओसरीवर ऐकायचं. त्यांना काही सांगायचं असलं तर ते वासराला सांगायचे, “आज चार माणसं जेवाया येऊन राहिली बरं का.” वासराला काय करायचंय. मी पीठ काढायची. असं आमचं चालत आलेलं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

नांदेडला मी तिसऱ्या खेपेला गेले, तेही लघवीची पिशवी रिकामी करायला बाई बरी म्हणून. पिशवी मी धुवायची, नळीची काळजी मी घ्यायची, पण आजार काय आहे ते मला सांगायचं नाही. कमरेखालचा आजार. तो बायकांपुढं बोलायचा नसतो. दोघे भाऊ एका दाराआड गेले आणि मी बाहेर बाकावर बसले. त्या दारावर मराठीत लिहिलं होतं, कर्करोग विभाग. मी ते चार-पाच वेळा वाचलं. मग खाली बघत बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, “तुमचं कोण हाय?” मी पदर पुढं ओढून घेतला.

परत येताना एसटीत दीर पुढच्या सीटवर झोपले, तेव्हा मी नवऱ्याला हळूच म्हणाले, “दारावर काय लिहिलं व्हतं, वाचलं का?”

“लिहिलेलं असतं सगळं. एकाच इमारतीत सतरा डॉक्टर बसतात.”

“मंग तुमाला काय झालंय?”

“लघवीच्या जागी गाठ हाय. इंजेक्शननं विरघळती. दादानं विचारलं सगळं.”

म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. किंवा वाचलं होतं आणि वाचलं नाही असं ठरवलं होतं. सातवी पास माणूस.

प्रोस्टेट नावाची गाठ पुरुषांना जन्मापासूनच असते, मूत्राशयाच्या तोंडाशी, हे मला फार नंतर कळलं. तिला कॅन्सर झाला होता आणि तो कंबरेच्या हाडांत आणि माकडहाडात पोचला होता. रक्तातला एक आकडा बघून तो किती जोरात आहे हे कळतं. त्याला पीएसए म्हणतात. तेव्हा तो एकशे अठ्ठेचाळीस होता. तीन महिन्यांना एक इंजेक्शन घ्यायचं, आणि आकडा बघत राहायचं. एवढं साधं. हे मला कुणी बसवून सांगितलं असतं तर मला समजलं असतं. एकरी बेणं किती लागतं, पाऊस लांबला तर किती दिवस थांबायचं, हे सगळं मला समजतं. पण सांगायचं कशाला.

पहिलं इंजेक्शन वैशाखात झालं, दुसरं श्रावणात. नळी निघाली. लघवी मोकळी झाली, पाठ दुखायची थांबली. पण दुसऱ्या इंजेक्शनानंतर नवऱ्याचं काहीतरी भलतंच सुरू झालं. बसल्या बसल्या तोंड लाल व्हायचं, मानेवरून घाम गळायचा, सदरा काढून फेकायचे आणि घटकाभरात थंडी वाजून गोधडी मागायचे. एकदा बातम्या बघता बघता रडायला लागले. बातमी कापसाच्या भावाची होती.

मी म्हणाले, “मला चार वर्षांमागं झालं व्हतं ना, पाळी जाताना, तसंच हाय हे अगदी.”

त्यांनी ताट सरकवलं. “मी काय बाई हाय का?”

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अंगणातल्या दगडावर उघड्यानं अंघोळ करणारा माणूस आत न्हाणीत, दार लावून अंघोळ करायला लागला. छाती हुळहुळी झाली होती, सदऱ्याचं कापडसुद्धा लागायचं. पोतं उचलताना दम लागायचा. बाकीचं काय लिहू. नवरा-बायकोत जे असतं ते पार संपलं. त्यांना वाटलं आपल्यातच काही खोट आली. ते तोंड फिरवून झोपायचे. मला वाटलं माझ्यावर राग आहे. दोघंही आपापल्या जागी चुकीचं काहीतरी समजून बसलो होतो. आणि ज्याला खरं कारण माहीत होतं तो माणूस रोज सकाळी ओसरीवर येऊन चहा पिऊन जात होता.

दिवाळीच्या आसपास हिंगोलीच्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट दिरांच्या मोबाईलवर आला. ते अंगणातूनच ओरडत आले, “झिरो पॉइंट आठ! एकशे अठ्ठेचाळीस व्हता, झिरो पॉइंट आठ झाला!” मोबाईल नवऱ्यापुढं धरला. “हे बघ बाजूला काय लिहिलंय. झिरो ते चार. चारच्या आत नॉर्मल. तुझं तर एकबी न्हाई.”

“मंग इंजेक्शन?”

“आता कशाला पाहिजे? ताप उतरल्यावर कुणी गोळ्या खातं का? अन् त्या इंजेक्शनानं तुझी काय हालत करून टाकली, बघून राहिलो ना मी.”

नवऱ्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. तिसरं इंजेक्शन घेतलं नाही. नांदेडलाही कुणी गेलं नाही. आणि मी? मी त्या दिवशी पुरण घातलं. मला इतरांचा राग येतो तेव्हा हे पुरण मध्ये येतं आणि मग माझाच राग येतो.

पुढचे महिने तर अगदी खात्री पटावी असेच गेले. घाम येणं कमी कमी होत बंद झालं. अंगात ताकद आली. नवरा पुन्हा अंगणात अंघोळ करायला लागला, हळद काढणीला मजुरांच्या बरोबरीनं उभा राहिला. गावातले लोक म्हणायचे, “इंजेक्शन बंद केलं तवाच गडी सुधरला.” हळद काढायच्या दिवसांत पुन्हा रक्त दिलं. एक पॉइंट सात. चारच्या आत. वैशाखात पुन्हा. तीन पॉइंट पाच. चारच्या आत. दोन्ही वेळा दिरांनी पारावर बसून मोबाईल चार जणांना दाखवला. “नॉर्मल.”

वैशाखातल्या त्या रिपोर्टनंतर आठवडाभरातच दिरांच्या घराला रंग लावायचं निघालं. सामान हलवताना दवाखान्याची पिशवी त्यांनी आमच्याकडं आणून टाकली. त्यात सगळे कागद होते, लॅबमधून आणलेलेही. मी दुपारी ती उघडली. इंग्रजी मला येत नाही, पण तीन अक्षरं सगळ्या कागदांवर सारखी होती आणि त्यांच्यापुढं आकडा होता. तारखा बघून मी कागद ओळीनं जमिनीवर मांडले. एकशे अठ्ठेचाळीस. सहा पॉइंट दोन. झिरो पॉइंट आठ. एक पॉइंट सात. तीन पॉइंट पाच.

आठाचे सतरा. सतराचे पस्तीस. दर वेळी दुप्पट. हळदीला कंदकूज लागते तेव्हा असंच होतं. आधी एका सरीत दोन झाडं पिवळी पडतात. मग चार. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, काय हिरवंगार रान आहे. त्याला सगळं रान दिसतं. रानात उकिडवं बसून निंदणाऱ्या बाईला दिसतं की मागच्या पंधरवड्यात दोन होती आणि आज चार आहेत. चार म्हणजे कमीच की, असं कुणी म्हणेल का? आणि इथं शिकलेले, मोबाईल वापरणारे लोक नुसत्या शेवटच्या आकड्याकडं बघून खूश होते. एकानंही आधीचा कागद काढून शेजारी ठेवला नव्हता.

मी मुलीला फोन लावला.

“आई, चारच्या आत हाय म्हणतात ना मोठे बाबा.”

“आत हाय, पण चाललंय बाहेर. तू हिशेब कर ना माय. पुढच्या बारीला किती व्हईल?”

तिनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मग म्हणाली, “मोठ्या बाबांना सांग.”

“मी कवा बोलले त्यांच्याशी?”

“मंग आता बोल ना. अजून कितीक दिवस चुलीशी बोलणार हायेस?”

मला तिचाही राग आला. फोन ठेवून दिला.

मी नवऱ्याला म्हणाले, नांदेडला चला. ते म्हणाले, काहून? चांगला धडधाकट हाय. मी आकडे दाखवले. ते म्हणाले, “तुला काय समजतं त्यातलं? चौथी शिकली अन् डॉक्टर झाली.” हसले वर. हे मला लागलं. मी भांडू शकत नाही, शब्दच येत नाहीत. पण त्या संध्याकाळी मी भाकरी थापली नाही. चूल पेटवलीच नाही. एकतीस वर्षांत, माहेरी गेले असेन ते दिवस सोडून, असं कधी झालं नव्हतं.

“आज जेवण?”

मी चुलीकडं पाठ केली. त्यांनी दुकानातून चिवडा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिवडा. दुपारी दीर आले, तर ओसरीवर चहाही नाही. ते वासराला म्हणाले, “काय झालं रे आज घरात?” वासरू काय सांगणार. संध्याकाळी नवरा दारात उभा राहून म्हणाला, “चल बाई, चल नांदेडला. या चिवड्यानंच मरायचो मी.”

दीर सोबत आलेच. डॉक्टर त्यांनाच ओळखतात म्हणे. मी पुन्हा त्याच बाकावर. दार पूर्ण लागत नव्हतं, पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर कागद चाळत होते.

“इतके दिवस कुठं होता? तीन पॉइंट पाच आहे. शेवटचं इंजेक्शन कधी झालं?”

आणि माझे दीर म्हणाले, “चालूच हाय साहेब. टायमाच्या टायमाला घेऊन राहिलो बराबर. हिंगोलीलाच घेतो.”

भाऊ बोलत असताना नवरा मध्ये बोलत नाही.

मला आज विचारलं तर सांगता येणार नाही की मी उठले कशी. पडदा बाजूला केला आणि आत गेले. म्हणाले, “खोटं हाय. श्रावणात घेतलं, मंग घेतलंच न्हाई. दोन चुकले, आता हे तिसरं.”

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही कोण?”

“यांची घरवाली.”

मी कुणाकडंच बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर एक रंगीत चित्र होतं, त्याच्याकडं डोळे लावून बोलत होते. दर वेळी दुप्पट होतंय, असं सांगितलं. सगळे आकडे पाठ होते, ते तारखांसकट म्हणून दाखवले. बोलणं संपल्यावर मला कळलं की ते चित्र कशाचं आहे. पुरुषाचं, आतलं, सगळ्या भागांसकट. पण आता नजर तरी कुठं वळवायची? एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला चित्र. मी चित्राकडंच बघत राहिले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “यांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “ते शून्य ते चार निरोगी माणसासाठी छापलेलं असतं. ज्याला हा आजार आहे आणि जो इंजेक्शनवर आहे त्याला ते लागू नाही. त्याचा आकडा खाली जाऊन खालीच राहिला पाहिजे. वर सरकायला लागला म्हणजे चारच्या आत असला तरी आजार जागा झालाय.” मग दिरांकडं वळले. “मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इंजेक्शन कायम घ्यायचं. ते काय करतं हेही सांगितलं होतं. तुम्ही यांना सांगितलं का?”

दीर जमिनीकडं बघत होते.

तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं. हा कॅन्सर पुरुषाच्या शरीरातल्या पुरुषपणाच्या रसावर वाढतो. इंजेक्शन तो रस बंद करतं. म्हणून घाम, म्हणून रडू, म्हणून छाती हुळहुळी, म्हणून बाकीचं. इंजेक्शन थांबवलं की तो रस परत येतो, माणसाला बरं वाटतं, आणि कॅन्सरलाही बरं वाटतं. सगळं मिळून मोजकी मिनिटं लागली असतील. तेवढ्याच मिनिटांसाठी आमचं वर्ष गेलं होतं. मला डॉक्टरांचाही राग आला. बाहेर रांग होती, खरं आहे. पण ज्याच्या अंगात सुई जाणार त्याच्याकडं बघून बोलायला निराळा वेळ लागतो का? त्यांनी दिरांना सांगितलं आणि काम झालं असं धरून चालले.

हाडांचा स्कॅन पुन्हा करायला लिहिला, रक्तातला तो रस किती आहे ते बघायला सांगितलं, एक रोजची गोळी वाढवली आणि म्हणाले, इंजेक्शन आजच घ्या. नवरा उठला, म्हणाला, “मला न्हाई घ्यायचं,” आणि बाहेर चालता झाला. डॉक्टर मला म्हणाले, “आठ दिवसांत ठरवा. त्याहून उशीर नको.”

बाहेर चहाच्या टपरीपाशी मी दिरांना गाठलं. एकदा तोंड उघडल्यावर आता काय राहिलं होतं.

“तुमी काहून न्हाई सांगितलं?”

त्यांनी मान वर केली नाही. “काय सांगणार व्हतो? सख्ख्या भावाला सांगू, तुला बैलावानी बडवून, खच्ची करून राहिले म्हणून? माझ्या हातानं बडवलेत मी बैल. धरून बसायचो मी त्यांना. त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं बोलू? चारच्या आत आलं, मला वाटलं सुटला माझा भाऊ. नेऊन पुन्हा तेच काहून करायचं?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली पाहिजे होती. आली नाही. मी म्हणाले, “तुमची लाज मोठी का त्यांचा जीव?” त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि स्टँडकडं चालू लागले. घरी येईपर्यंत आम्ही तिघं एसटीत तीन वेगळ्या सीटवर बसलो.

आठ दिवसांतले पाच दिवस नवरा गप्प होता. बेणं निवडायचे दिवस होते. आम्ही दोघं गोठ्यात बसून गड्डे साफ करत होतो, मुळ्या काढत होतो, सडकं बाजूला टाकत होतो. पाचव्या दिवशी ते मान खाली घालून म्हणाले, “बैलाला बडवतात तवा निदान त्याला धरून ठेवतात. त्याला कळतं तरी की कायतरी करून राहिले. मला तर सांगितलंबी न्हाई.”

“तेच तर म्हणून राहिले मी. राग त्याचाच यायला पाहिजे. इंजेक्शनावर काहून काढता?”

“तुला न्हाई कळायचं.”

“मला न्हाई कळायचं?” मी हातातला गड्डा टोपल्यात आपटला. “घाम मला आला, रडू मला आलं, अंगातलं सगळं मलाबी सोडून गेलं, तवा मला कुणी विचारलं का? तुमी तरी विचारलं? बाईचं असंच असतं म्हणून भाकरी मागितली. मी मेले का त्यानं? इथंच बसलेय ना, बेणं निवडून राहिलेय.”

गोठ्यात गाय सोडून कुणी नव्हतं हे बरं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

एक सडका गड्डा बाजूला टाकून ते म्हणाले, “गावाला कळलं म्हंजी?”

“कोण सांगणार गावाला? दादा? ते तर वर्षभर तुमालाच न्हाई बोलले.”

ते हसले. आधी नाकातून, मग चांगलेच. हसता हसता डोळे पुसले. मला हसू आलं नाही. ते म्हणाले, “परवा चल हिंगोलीला. पण आत तू येऊ नको. सुई मी एकटाच घेईन.” ती गोष्ट मी मान्य केली. तिथं मला जायचंही नव्हतं.

घाम परत आला. छाती पुन्हा हुळहुळी झाली. या वेळी त्यांना माहीत होतं की हे इंजेक्शनाचं आहे. एवढ्यानंच किती फरक पडला. तोंड लाल झालं की स्वतःच म्हणायचे, “आली बघ.” मी पदरानं वारा घालायची. रात्री तोंड फिरवून झोपणं बंद झालं. दुसरं काही नाही, पण तोंड माझ्याकडं असतं.

दीर महिनाभर आले नाहीत. आता येतात. चहा झालाय हे मी त्यांना तोंडावर सांगते. ते “हूं” म्हणतात. त्यांना ते जड जातं, मलाही जातं. पण मी पुन्हा चुलीशी बोलणार नाही.

स्कॅनमध्ये कंबरेच्या हाडातला जुना डाग थोडा मोठा झालेला निघाला. इंजेक्शन चुकवलं नसतं तर तो तेवढाच राहिला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. राहिलाही असता. हे ‘राहिलाही असता’ मी कुठं ठेवू? भाजी चिरताना, कपडे आपटताना ते वर येतं. कुणावर ओरडावं तर दीर म्हातारे झालेत, डॉक्टर भले आहेत, नवरा आजारी आहे. प्रत्येकाकडं काही ना काही कारण आहे. माझ्याकडं नुसता राग आहे.

परवा तीन महिन्यांचं रक्त झालं. या वेळी रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. एक पॉइंट एक. आम्ही दोघं नांदेडला गेलो, दोघंही आत बसलो. डॉक्टर म्हणाले, आकडा खाली आलाय, इंजेक्शन आणि गोळी काम करतायत, हे चांगलं आहे. मी विचारलं, किती दिवस करतील? ते म्हणाले, काहींना बरीच वर्षं, काहींना कमी. कधीतरी आजार वाट काढतो, तेव्हा दुसरी औषधं आहेत. तोपर्यंत आकडा बघत राहायचं, आणि एकटा आकडा बघायचा नाही, मागच्या आकड्यांच्या शेजारी ठेवून बघायचा. मी मान हलवली. ते मला माहीत होतं.

परत येताना एसटीत गर्दी कमी होती. आम्ही एकाच सीटवर बसलो. कळमनुरी मागं पडल्यावर नवऱ्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं, “म्हंजी बरा झालो का मी?”

त्यांना ‘हो’ ऐकायचं होतं, मला दिसत होतं. हो म्हणणं फार सोपं होतं. सगळ्यांनी त्यांना आत्तापर्यंत तेच दिलं होतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “बरे न्हाई झाले. दाबून ठेवलंय. हाडांत हायच ते. इंजेक्शन सोडलं की पुन्हा उठतं.”

त्यांचं तोंड लाल व्हायला लागलं, मानेवर घाम आला. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि म्हणाले, “खिडकी उघड पुरती.” खिडकीची काच अडकली होती. मी दोन्ही हातांनी ओढली, उघडेपर्यंत ओढली.